नथवाल्या राणीची वखार

आर्वीत मी मास्तरीण म्हणून रुजू झाले ती मुलींची शाळा एका जुन्या वखारीत भरायची, आणि त्या वखारीच्या दारावर नथ घातलेली इंग्लंडची राणी होती.

वखार बांधली एका इंग्रज कंपनीने, त्या राणीचं राज्य होतं तेव्हा. साहेबाने गवंड्याला सांगितलं, दारावर चुन्यात राणीचा मुखडा काढ. गवंडी आमच्याच भागातला. त्याने राणी पाहिली होती ती रुपयावर, तीही एका बाजूने आणि झिजलेली. एवढ्या मोठ्या घरची बाई आणि नाक मोकळं, हे काही त्याच्या मनाला पटेना. त्याने नथ घडवली. साहेब पुलगावहून बघायला आला तोवर चुना दगडासारखा झाला होता. साहेब चिडला म्हणतात. पण नथ फोडायची तर नाकही जाणार, आणि बिननाकाची राणी दारावर ठेवायची कोणाची छाती होती? नथ राहिली.

पहिल्याच दिवशी ती बघून मी खो खो हसले. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, शेजारी उभ्या होत्या. त्या पंचेचाळिशीच्या, पांढऱ्या पातळातल्या, कपाळ मोकळं. म्हणाल्या, "हसू नका. ती राणीही माझ्यासारखी विधवाच होती. तिला आपल्या गवंड्याने नथ घातली. मला माझ्या भावाने घरात आरसासुद्धा ठेवू दिला नाही." माझं हसू जागच्या जागी विरलं. पुढे लक्षात आलं, बाई रोज शाळेत शिरताना एकदा मान वर करून राणीकडे बघतात आणि मगच उंबरा ओलांडतात.

वखार समोरून राजवाडा आणि मागून गोठा, अशी होती. समोर घडीव काळा दगड, गोल कमानींच्या खिडक्या, पायऱ्यांना दगडी कठडा. मागे साध्या विटा आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षांचं शेवाळ. साहेबलोक पुढच्या दाराने येतात आणि बैलगाड्या मागच्या, हे बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. खाली कापसाच्या गाठी राहायच्या. त्या विलायतेला जायच्या आणि तिकडून त्यांचंच कापड होऊन परत यायचं, ते वरच्या मजल्यावर. म्हणजे आमचाच कापूस समुद्र ओलांडून, बारीक होऊन, महाग होऊन जिना चढायचा. वर भिंतीबाहेर एक जाडजूड तुळई आलेली होती, तिला लोखंडी चाक. त्यावरून दोराने गठ्ठे वर ओढत. आम्ही त्या चाकाला शाळेची घंटा टांगली होती.

आतले खांब लोखंडी, ओतीव, थेट विलायतेहून आलेले. एकूण बारा यायचे होते. पुलगाव स्टेशनपासून बैलगाड्यांनी आणताना एक नाल्यात उलटला आणि त्याचे दोन तुकडे झाले. साहेबाला कळू न देता सुताराने रातोरात सागवानी खांब कातला, त्याला काळा रंग फासला आणि बाराच्या रांगेत उभा केला. आमच्या पोरी कोणी नवीन आलं की विचारायच्या, "यातला खोटा कोणता, सांगा!" पाहुणे बोटांनी टकटक करत हिंडायचे. मी स्वतः पहिल्या दिवशी तीन खऱ्या खांबांना खोटं ठरवलं.

लोखंडी खांब आतून पोकळ होते. छपराचं पावसाचं पाणी त्यांच्यातूनच जमिनीत उतरावं अशी ती योजना. पुढे कोणीतरी छपराला पन्हाळी लावली आणि खांब कोरडे पडले. साफसफाईसाठी प्रत्येक खांबाला वर आणि खाली वीतभर तोंड होतं. त्यांची झाकणं केव्हाच भंगारात गेलेली. त्यामुळे वर बोललेलं खाली आणि खालचं वर, खांबाखांबातून स्वच्छ ऐकू जायचं. हे मला कोणीच आधी सांगितलं नव्हतं. मी वर्गात "खालचा म्हातारा दिवसभर खोकतो" असं म्हटलं, आणि खांब म्हणाला, "म्हातारा तुहा बाप."

तो म्हातारा म्हणजे शेठजी, वखारीचे मालक. त्यांचे वडील इंग्रज कंपनीचे दलाल होते. कंपनीने गाशा गुंडाळला तेव्हा वखार त्यांच्याकडे आली. शेठजी खाली गादीवर, खांबाला पाठ टेकून बसायचे, कापडाचे नमुने आणि चार दलाल भोवती घेऊन. वरची आमची शाळा त्यांना सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाठीतून ऐकू यायची. रोज तक्रार. "काय बाप्पा, पोट्ट्या हायत का चिमण्या? डोकं उठवलं माह्यं." पण एकदा एक पोरगी पाढा म्हणताना सतरा साते एकशे सतरा म्हणाली. मी फळा पुसत होते, माझ्या लक्षात आलं नाही. खांब गरजला, "एकशे एकोनीस!" वर्ग टरकला. पोरीने दुरुस्त केलं तेव्हाच खालचा खोकला पुन्हा सुरू झाला. त्या दिवसापासून पोरी सतराचा पाढा मुद्दाम चुकायच्या. सतरा साते आलं की खांबाकडे कान लावायच्या आणि खांब काही कमी करायचा नाही. मी रागवायला हवं होतं. मलाही मजा यायची, खोटं कशाला सांगू.

वरचा तो दिवाणखान्याएवढा हॉल शाळेला सोन्यासारखा होता. त्याच्या सगळ्या मोठ्या खिडक्या उत्तरेला. कापडाचा खरा रंग उन्हात कळत नाही आणि दिव्यात तर नाहीच. उत्तरेचा उजेड सारखा असतो, त्यात धाग्यातली गाठसुद्धा लपत नाही. मँचेस्टरचं कापड पारखायला केलेल्या त्या उजेडात आमच्या चाळीस पोरी सुई ओवायच्या आणि बारीक अक्षरांची पुस्तकं वाचायच्या. डोळे चोळणारी पोरगी मी तिथे पाहिली नाही.

या उजेडावरच संकट आलं. अमरावतीकडचा एक टॉकीजवाला आला. त्याला वरचा हॉल हवा होता, खिडक्या विटांनी बुजवून. टॉकीजला अंधार लागतो. शेठजींच्या वडिलांचं नाव टॉकीजला देतो म्हणाला आणि शेठजी विरघळले. आम्ही जायचं कुठे? मुलांच्या शाळेमागे एक पडवी रिकामी होती. पण मुलांच्या आवारातून पोरी पाठवू असं म्हणणारा एकही बाप गावात नव्हता. एकाने तर मोठ्या बाईंना तोंडावर सांगितलं, "वखार गेली का पोट्टी घरी. काऊन शिकवाची मंग?" शाळेची स्वतःची इमारत व्हायची होती. जागा मिळाली होती, पण तिथे नुसत्या खुंट्या आणि सुतळ्या. निदान तीन वर्षं हवी होती, पाच मिळाली तर देवच पावला.

"शेठजींनी मला शब्द दिलाय," मोठ्या बाई म्हणाल्या. "कागदही दिलाय."

घंटा वाजवणारी मावशी कोपऱ्यात बसली होती. तरुणपणी याच वखारीत गाठींची तरटं शिवायला असायची. ती फिस्सकन हसली. "कागद? त्या मानसाचा कागद शेळीले चाराचा. तोंडाचं बोलनं सकाळी एक, संध्याकाळी दुसरं. दुपट्ट्याखाली झालं असन तं सांगा."

म्हणजे काय ते तिनेच समजावलं. कापसाचा आणि कापडाचा सौदा मोठ्याने बोलून होत नसे. दोघं समोरासमोर बसत, हातांवर खांद्यावरचा दुपट्टा टाकत आणि खाली बोटं दाबून ठरवत. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, पुरा पंजा धरला की पाच. पटलं की तळहातावर दोनदा थाप. ठरलेला आकडा त्या दोघांनाच ठाऊक, तिसऱ्याला सांगायचा नाही, ही रीत. आणि शेठजींनी उभ्या जन्मात दुपट्ट्याखालचा शब्द मोडला नव्हता. तोंडाने त्यांनी हाच हॉल शाळेला, भजनी मंडळाला आणि टॉकीजला असा तिघांना देऊन टाकला होता.

"मग करू या दुपट्ट्याखाली," मी म्हणाले.

मोठ्या बाई एवढ्या लाल झाल्या की मी त्यांना पाणी दिलं. "बाईमाणसाने? परक्या पुरुषाचा हात? बाजारात?" त्या विधवा, त्यांना तर विचारणंही शक्य नव्हतं. मावशीचा हात शेठजी धरणार नाहीत, ती मजूर. उरले मी. बावीस वर्षांची, लग्नाची. केळझरला माझ्या आईने माझ्या लग्नासाठी गणपतीला एकवीस मोदक बोललेले होते.

"शेठजी तयारच होणार नाहीत," बाई म्हणाल्या.

"त्यांना विचारतंय कोण," मी म्हणाले. मावशीने दोन दिवस माझ्याकडून सराव करून घेतला. तिची बोटं तरट शिवून शिवून चिवट झाली होती. ती दाबायची तेव्हा मला कळ यायची आणि वरून चेहरा सरळ ठेवावा लागायचा. कारण रीत अशी, की खाली हात बोलत असताना वर तोंडाने भलतंच बोलायचं आणि नजर भिंतीवर ठेवायची. चेहरा बोलला की सौदा गेला.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी मी मावशीला सोबत घेऊन खाली गेले. शाळेला पडद्यासाठी मांजरपाट बघायचा, असं सांगितलं. दलाल सरकून बसले. शेठजींनी ताग्यातून कापड ओढून माझ्या पुढ्यात टाकलं. मी त्याचा पोत बघते असं करून दोन्ही हात पसरतील एवढं उलगडलं आणि त्याचा काठ अलगद त्यांच्या उजव्या हातावर सोडला. मग माझा हात आत घातला आणि म्हणाले, "वरचा हॉल. वर्षं."

दलालांच्या तोंडातला पानाचा तोबरा थांबला. शेठजींचे डोळे विस्फारले. पण त्यांचा हात! पन्नास वर्षांची सवय. कापडाखाली दुसरा हात लागला की त्यांची बोटं आपोआप कामाला लागायची, बेडूक पाण्यात पडला की पोहतो तशी. त्यांनी माझं एक बोट दाबलं. दाबल्यावर त्यांच्या लक्षात आलं काय झालं ते. पण एकदा बोट दाबलं की सौदा सुरू झाला, आणि मध्येच हात काढणं म्हणजे चार दलालांसमोर नाक कापून घेणं.

मी त्यांचा पुरा पंजा धरला.

शेठजींनी भिंतीकडे बघितलं. "आई बरी हाय ना तुमची?"

"बरी आहे," मी भिंतीला सांगितलं. "गुडघे दुखतात."

दोन बोटं.

पंजा.

"एरंडाचं तेल लावत जा म्हना."

"लावते. पण ऐकत नाही."

पुन्हा दोन, जरा जोरात. मी पुन्हा पंजा. खरं तर रीतीप्रमाणे मी चारवर यायला हवं होतं. मावशी मागून खाकरलीही. पण मी हट्टाला पेटले होते. पंजा, पंजा आणि पंजा. शेठजींच्या कपाळावर घाम आला.

"गिरडच्या दर्ग्याच्या टेकडीवर जाऊन येजो म्हना एकदा," ते म्हणाले आणि तीन बोटं दाबून धरली. ती काही केल्या सुटेनात. हा शेवट आहे, हे मला त्यांच्या बोटांवरून कळलं. मी तळहातावर दोनदा थाप मारली. त्यांनीही मारली. मग दोघांनीही हात बाहेर काढले.

"पन्नास वर्षं सौदे केले," शेठजी दलालांना म्हणाले, "पन असा हात नाई पाह्यला. पंजा धरला तं सोडतच नाई पोट्टी. रीतभात नाई काई."

संध्याकाळी टॉकीजवाल्याने विचारलं, शाळेला किती वर्षं दिली? शेठजी म्हणाले, दुपट्ट्याखालचं सांगत नसतात. मोठ्या बाईंनी मला विचारलं, मीही तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला तरी!" मी म्हटलं, रीत म्हणजे रीत. त्या चिडल्या, पण त्या दिवशी राणीकडे त्यांनी जरा जास्त वेळ बघितलं.

गावात काय झालं ते सांगायलाच हवं. आर्वीची बातमी केळझरला पोचायला एक मोटार पुरते. मास्तरणीने भर बाजारात म्हाताऱ्या शेठचा हात धरला. आई तडक आली. वर्ध्याचं एक स्थळ जमत आलं होतं, त्यांनी पत्रिका जुळत नाही असं कळवलं. आधी छत्तीस गुण जुळत होते, ते एका दुपारीत कुठे गेले कोण जाणे. मला वाईट वाटलं नाही असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. वाटलं होतं. मुलगा बरा होता आणि त्याचं अक्षर सुंदर होतं.

शाळा चालू राहिली. नव्या इमारतीचा पाया भरला आणि मग काम रखडलं. तिसरं वर्ष सरत आलं तेव्हा भिंती कमरेइतक्या होत्या, आणि शेठजी गेले. पंधरा दिवस खांब गप्प होता. पोरी सतरा साते बरोबर म्हणायला लागल्या. चुकून तरी काय उपयोग!

तेरावं झालं आणि शेठजींच्या मुलाने मला खाली बोलावलं. तो चाळिशीचा, मुका मुका माणूस, कधी फार बोलायचा नाही. टॉकीजवाला पुन्हा हिंडू लागल्याचं आम्हाला मावशीकडून कळलं होतं. गादी तीच, खांब तोच, खांबाला टेकलेली पाठ तेवढी नवीन.

"बाबूजींनं किती वर्ष देल्ले तुमाले?" त्याने विचारलं. "बाबूजींचा दुपट्ट्याखालचा शब्द मी पाळन. पन थो शब्द मले कोन सांगन? तुमीच सांगा."

सगळं आता माझ्या सांगण्यावर होतं. खरं सांगितलं तर चार महिन्यांत खिडक्यांना विटा लागणार आणि चाळीस पोरी घरी बसणार. त्याच सकाळी मी फळ्यावर कित्त्यासाठी वळणदार अक्षरात लिहून आले होते, नेहमी खरे बोलावे.

"दुपट्ट्याखालचं तोंडाने सांगत नसतात," मी म्हणाले.

त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि आमच्या हातांवर टाकला. खोटं बोलताना माझी जीभ नेहमी अडखळते. बोटं अडखळली नाहीत. मी त्याचा पुरा पंजा धरला आणि भिंतीकडे बघत राहिले.

तो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं.

"बाबूजी जायच्या आठ दिवस आधी मले बोल्ले," तो म्हणाला. "म्हने, तीन ठरले हायत. पन तू इचारशीन तं मास्तरीनबाई पाच सांगन. सांगू देजो. पाचच देजो."

माझे कान तापले. मी हात ओढून घेतला. "ठाऊक होतं तर मला विचारलंत कशाला?"

"बाबूजींचा अंदाज चुकते का, थे पाहून राह्यलो होतो," तो डोळे पुसत म्हणाला. "नाई चुकला." मग त्याने तळहात पुढे केला. मी दोनदा थाप मारली, त्यानेही मारली, आणि तो आतल्या खोलीत निघून गेला.

मी तिथेच बसून राहिले. लाज वाटत होती, हसू येत होतं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्या म्हाताऱ्यासाठी मला रडू आलं. त्याने माझा हात एकदाच धरला होता, तोही फसून, आणि तेवढ्यात मी कशी आहे ते ओळखून ठेवलं होतं. माझ्या खोटेपणावर त्याने चाळीस पोरींची दोन वर्षं बिनघोर सोपवली.

वर मोठ्या बाई माझा वर्ग सांभाळत होत्या. खांबातून पाढा खाली येत होता. सतरा पंचे, सतरा सक, आणि सतरा साते म्हणताना कोणीतरी अडखळलं. मी गुडघ्यांवर बसले, खांबाच्या तोंडाला तोंड लावलं आणि रडक्या आवाजात ओरडले, "एकशे एकोणीस!"

वर पाढा तुटला. मग चाळीस पोरींनी एकदम म्हटलं, "सतरा साते एकशे एकोणीस," आणि पाढा पुढे चालू झाला.